सकाळची डोकेदुखी आणि बावीस अक्षरांचा रेणू

माथेरानला जाणारा प्रत्येक जण दस्तुरी नाक्यावर थांबतो. गाडी कितीही मोठ्या माणसाची असो, ती तिथेच उभी राहते. पुढे पायी जायचे, घोड्यावर बसायचे किंवा अमन लॉज स्थानकावरून छोटी गाडी पकडायची. नेरळहून डोंगर चढणारी ही गाडी १९०७ मध्ये सुरू झाली आणि ती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधली, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. रुग्णवाहिकेला मात्र नाक्यावर कोणी अडवत नाही. गावातली शांतता आणि लाल मातीचे रस्ते टिकले आहेत ते या एका नाक्यामुळे. नाका उठला, तर पहिल्याच रविवारी माथेरानचे काय होईल हे सांगायला नको.

आपल्या शरीरातल्या पेशींतही असे शेकडो छोटे नाके असतात. शास्त्रज्ञ त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. कॅन्सर ओळखण्यासाठी आणि पुढेमागे त्यावर औषध म्हणून त्यांचा उपयोग होईल का, यावर जगभर संशोधन चालू आहे. त्यातले एक महत्त्वाचे काम आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला झाले आहे आणि ते लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठीवरचे आहे. म्हणून आई-वडिलांसाठी आणि आमच्यासारख्या शिक्षकांसाठी हा विषय जवळचा आहे.

दप्तर, नक्कल आणि नाका

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञानाचा तास आमचा नव्हे. पण भाषा शिकवणाऱ्याला हा विषय परका वाटत नाही, कारण पेशीचा सगळा कारभार अक्षरांवर आणि निरोपांवर चालतो.

तलाठ्याच्या कार्यालयात मूळ दप्तर असते. ते कोणी घरी नेत नाही. ज्याला ज्या जमिनीचा उतारा हवा, त्याला तेवढी नक्कल मिळते आणि पुढचे काम त्या नकलेवर होते. पेशीचेही तसेच आहे. मूळ दप्तर म्हणजे डीएनए. तो पेशीच्या केंद्रात सुरक्षित असतो. जे काम करायचे असेल त्या भागाची नक्कल निघते. तिला निरोप्या आरएनए म्हणतात. ती बाहेर येते आणि तिच्यावरचा मजकूर वाचून पेशी प्रथिन बनवते. प्रथिने हीच शरीरातली कामकरी मंडळी. डोळ्याची पेशी आणि यकृताची पेशी यांचे दप्तर एकच असते. फरक पडतो तो कोणत्या नकला बाहेर निघाल्या आणि त्यांपैकी किती वाचल्या गेल्या, यामुळे.

निघालेल्या नकलांवर लगाम ठेवायचे काम मायक्रोआरएनए करतो. निरोप्या आरएनए हजारो अक्षरांचा असू शकतो. मायक्रोआरएनए जेमतेम बावीस अक्षरांचा असतो. त्याच्या सुरुवातीची सहा-सात अक्षरे एखाद्या निरोपातल्या अक्षरांशी जोडीने जुळली की तो त्या निरोपाला चिकटतो. शेरातला काफिया जुळावा तसे हे जुळणे असते. सगळी ओळ जुळावी लागत नाही, ठरावीक जागा जुळली की पुरते. मग तो निरोप वाचला जात नाही किंवा मोडीत निघतो आणि ते प्रथिन कमी बनते. एक मायक्रोआरएनए अनेक निरोपांवर लक्ष ठेवतो आणि एका निरोपावर अनेक मायक्रोआरएनए नजर ठेवून असतात.

इतक्या लहान गोष्टीने काय होणार, असे कोणी म्हणेल. उर्दू वाचणाऱ्याला हा प्रश्न पडणार नाही. एक नुक्ता वरचा खाली आला की ‘खुदा’चे ‘जुदा’ होते. सारा मजकूर तोच राहतो आणि अर्थ पार बदलतो.

एक मिलीमीटरच्या किड्यापासून नोबेलपर्यंत

या रेणूचा शोध माणसात लागला नाही. मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलीमीटर लांबीच्या एका किड्यात तो लागला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन हे दोन अमेरिकन शास्त्रज्ञ त्या किड्याची वाढ का बिघडते याचा शोध घेत होते. १९९३ मध्ये त्यांनी दाखवले की एक चिमुकला आरएनए दुसऱ्या एका मोठ्या निरोपाला अडवून किड्याची वाढ वेळेवर पुढे नेतो. पुढची सात वर्षे बहुतेकांनी ही त्या किड्यापुरतीच गंमत मानली. २००० मध्ये असाच दुसरा रेणू सापडला आणि तो माशांपासून माणसापर्यंत अनेक प्राण्यांत आहे असे दिसले. त्यानंतर मात्र शोधांची रीघ लागली. माणसात असे हजाराहून अधिक रेणू माहीत झाले आहेत. अँब्रोस आणि रुव्हकुन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कॅन्सरशी त्याचा संबंध २००२ मध्ये पुढे आला. अमेरिकेत कार्लो क्रोचे यांच्या प्रयोगशाळेत एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरचा अभ्यास चालू होता. मोठ्या वयात होणारा आणि हळूहळू वाढणारा हा आजार. अनेक रुग्णांच्या पेशींत तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असे. त्या तुकड्यात कोणते जनुक हरवले, हे बरीच वर्षे कळत नव्हते. शेवटी तिथे दोन मायक्रोआरएनए सापडले. पेशी म्हातारी झाली तरी तिला मरू न देणाऱ्या एका प्रथिनाला हे दोन्ही रेणू अडवतात, हे पुढे सिद्ध झाले. नाका हरवला, ते प्रथिन मोकाट सुटले आणि मरायला हव्या होत्या त्या पेशी साठत गेल्या.

उलटेही घडते. काही मायक्रोआरएनए कॅन्सरच्या पेशींत प्रमाणाबाहेर वाढतात आणि जी प्रथिने पेशीला आवर घालणार असतात त्यांचेच निरोप अडवतात. नाका चुकीच्या जागी बसवला आणि त्याने रुग्णवाहिकाच अडवून धरली, असा हा प्रकार. मिर-२१ नावाचा रेणू अनेक प्रकारच्या गाठींत असा वाढलेला आढळतो.

म्हणजे गोष्टी दोन झाल्या. कोणत्या पेशीत कोणता नाका हरवला आणि कोणता जास्तीचा बसला, हे मोजता आले तर गाठीची ओळख पटते. आणि हरवलेला नाका परत बसवता आला किंवा चुकीचा उठवता आला, तर ते औषध होईल. पहिली गोष्ट बरीच पुढे गेली आहे. दुसरी अजून वाटेत आहे.

प्रबळगडाच्या पलीकडे

माथेरानच्या पश्चिमेकडच्या पॉइंटांवर उभे राहिले की समोर प्रबळगड दिसतो. त्याच्या पलीकडे पनवेलचा सखल भाग आणि पुढे खारघर. तिथे टाटा मेमोरियल सेंटरची संशोधन संस्था आहे. तिला सगळे ‘ॲक्ट्रेक’ म्हणून ओळखतात. परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ चे. कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था १९५२ पासून परळलाच होती. ती २००२ मध्ये खारघरला आली. आज तिथे प्रयोगशाळाही आहेत आणि रुग्णालयही.

याच ठिकाणी डॉ. नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेने मेड्युलोब्लास्टोमा या गाठीतल्या मायक्रोआरएनएवर काम केले. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. चालताना तोल सांभाळणे, हाताची बारीक हालचाल नेमकी करणे ही त्याची कामे. मुलांच्या मेंदूत होणाऱ्या कॅन्सरच्या गाठींपैकी सर्वाधिक आढळणारी ही गाठ याच भागात होते.

सूक्ष्मदर्शकाखाली या गाठी बऱ्याचशा सारख्या दिसतात. पण एका मुलाची गाठ उपचाराने कायमची जाते आणि दुसऱ्याची, तेच उपचार देऊनही, परत येते. असे का होते? २०१२ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन मान्य केले की हा एक आजार नसून किमान चार आजार आहेत. त्यांना डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४ अशी नावे आहेत. डब्ल्यूएनटी गटाची मुले साधारण दहात एक. योग्य उपचार मिळाले तर त्यांतली नव्वद टक्क्यांहून अधिक बरी होतात. गट ३ मधल्या काही गाठी मात्र फार हट्टी असतात.

शिरसाट यांच्या गटाने २०१० मध्येच दाखवले होते की डब्ल्यूएनटी गाठींची मायक्रोआरएनएची ठेवण इतरांहून वेगळी असते. काही रेणू याच गटात ठळकपणे वाढलेले असतात. माणसाच्या अक्षरावरून त्याला ओळखावे तशी ही ओळख. २०१३ मध्ये त्यांनी १२ जनुके आणि ९ मायक्रोआरएनए मोजून गाठीचा गट सांगणारी एक चाचणी प्रसिद्ध केली आणि भारतातल्या सुमारे शंभर रुग्णांच्या गाठींवर ती पडताळून पाहिली.

मेणाचा ठोकळा फेकू नका

या कामातली एक बाब प्रत्येक घराला उपयोगी आहे. शस्त्रक्रियेत काढलेला गाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवतात आणि नंतर मेणात बसवून त्याचा छोटा ठोकळा करतात. रुग्णालयात त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. त्याच्या पातळ चकत्या काचेवर घेतल्या की त्या झाल्या ‘स्लाइड’. एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाताना “ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या” असे सांगतात, ते याचसाठी.

फॉर्मेलिन आणि मेण यांत लांबलचक निरोप्या आरएनए तुटून त्याचे तुकडे होतात. मायक्रोआरएनए इतका लहान की तो तुटण्यातून बराचसा वाचतो. त्यामुळे जुन्या ठोकळ्यातूनही तो मोजता येतो. उणे ऐंशी अंशांवर गोठवून ठेवलेला तुकडा मोठ्या शहरातल्या मोजक्या रुग्णालयांतच मिळतो. मेणाचा ठोकळा तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया झाली तरी मिळतो आणि पिशवीत घालून रेल्वेने नेता येतो. आपल्या देशाला चालणारी चाचणी हवी असेल तर ती ठोकळ्यावर चालली पाहिजे, आणि खारघरची चाचणी ठोकळ्यावरच बेतलेली आहे.

गट ओळखण्याच्या दुसऱ्याही पद्धती आहेत. कोणती वापरायची ते डॉक्टर ठरवतील. पालकांनी विचारायचा प्रश्न सोपा आहे: “गाठीचा गट तपासला का?” आणि करायचे काम त्याहून सोपे: ब्लॉक, स्लाइड, एमआरआयची सीडी आणि सर्व कागद एका पिशवीत, घरातल्या एका ठरलेल्या जागी ठेवायचे. कोणाचाही ब्लॉक, उपचार संपले म्हणून, फेकून द्यायचा नाही.

कमीही नको, जास्तही नको

गट कळून काय साधते? या गाठीवर आधी शस्त्रक्रिया होते. मूल तीन वर्षांहून मोठे असेल तर नंतर संपूर्ण मेंदूला आणि पाठीच्या कण्याला किरणोपचार, आणि त्याबरोबर किंवा पुढे औषधे. किरणोपचार जीव वाचवतात. पण वाढत्या मेंदूवर त्यांची खूण राहते. उंची कमी राहू शकते, ग्रंथींचे काम मंदावू शकते, शिकण्याचा वेग कमी होऊ शकतो. सिस्प्लॅटिन या औषधाने काही मुलांचे ऐकू येणे कमी होते.

म्हणून ज्यांचा आजार सौम्य गटातला आहे, त्यांना कमी किरणे देऊन भागेल का, हा जगभरच्या डॉक्टरांपुढचा प्रश्न आहे. टाटामध्ये डब्ल्यूएनटी गटाच्या मोजक्या मुलांना काळजीपूर्वक आखलेल्या अभ्यासात फक्त गाठीच्या जागेपुरती किरणे देऊन पाहिली. काही मुलांत आजार दुसऱ्या जागी परतला, तेव्हा तो अभ्यास लगेच थांबवला आणि किरणे पूर्ण टाळण्याऐवजी त्यांची मात्रा कमी करण्याच्या दिशेने काम वळवले. यातून पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. “चांगल्या गटाचा आजार आहे, मग किरणे कशाला?” असे स्वतःच ठरवून उपचार अर्धवट सोडू नयेत. किती कमी करता येईल, हे नियमाने चाललेल्या अभ्यासातूनच कळते. ॲक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन किरणोपचारही सुरू झाले आहेत. त्यांत गाठीपलीकडच्या निरोगी भागाला कमी किरणे लागतात. कोणत्या मुलाला त्यांचा फायदा होईल, ते डॉक्टर सांगतात.

रक्ताच्या थेंबाची जाहिरात

मायक्रोआरएनए रक्तातही फिरतो आणि तिथे सहज नष्ट होत नाही, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. तेव्हापासून रक्ताच्या थेंबावर सगळे कॅन्सर ओळखू, अशी आशा आणि तशा जाहिराती दोन्ही वाढल्या आहेत. आशा खरी आहे. जाहिरात तपासून घ्यावी.

सर्वांत चांगले उदाहरण पुरुषांच्या वृषणातल्या कॅन्सरचे. मिर-३७१ नावाचा रेणू त्या आजारात रक्तात वाढतो. २०१९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६१६ रुग्ण होते. त्यात ही चाचणी शंभर आजारी माणसांपैकी सुमारे नव्वद जणांना अचूक ओळखत होती आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी सुमारे चौऱ्याण्णव जणांना आजार नाही असे बरोबर सांगत होती. एका नेमक्या आजारासाठी ही कामगिरी मोठी आहे.

पण बहुतेक कॅन्सरांत असा एकटा, स्पष्ट रेणू सापडलेला नाही. जे रेणू गाठीमुळे वाढतात, त्यांतले बरेच साध्या दाहानेही वाढतात. शिवाय रक्त कसे काढले आणि कसे नेले, यावरही उत्तर बदलते. तांबड्या पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ भरपूर असतात. माथेरानला काढलेली रक्ताची नळी डोंगर उतरून, लोकलच्या गर्दीतून मुंबईला पोचेपर्यंत त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या, तर हे रेणू बाहेर सांडतात आणि आकडे खोटे वाढतात. चांगली प्रयोगशाळा हे तपासते. जाहिरात करणारा ते सांगत नाही.

म्हणून “एका थेंबात कॅन्सर कळेल” असे कोणी म्हणाले, तर तीन गोष्टी विचाराव्यात. नेमका कोणता कॅन्सर? किती लोकांवर पडताळले? आणि उत्तर ‘आहे’ असे आले, तर पुढची खात्री कशाने करणार? उत्तरे मिळाली नाहीत, तर पैसे खिशात ठेवावेत. तोंडातला पांढरा चट्टा, न भरणारी जखम, स्तनातली गाठ, पाळी थांबल्यानंतरचा रक्तस्राव यांसाठी आजही डॉक्टरांची नजर आणि साध्या तपासण्याच आधी लागतात. घरात मशेरी, तंबाखू, गुटखा चालत असेल, तर ते सोडण्यासाठी कोणत्याही रेणूची वाट पाहायची गरज नाही.

औषध कुठवर आले?

हरवलेला नाका परत बसवण्याचा एक मोठा प्रयत्न २०१३ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. मिर-३४ हा कॅन्सरला आवर घालणारा रेणू कृत्रिमरीत्या बनवून, चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरून रुग्णांना देण्यात आला. काहींच्या गाठी आक्रसल्या. पण काही रुग्णांच्या प्रतिकारशक्तीने त्यावर गंभीर प्रतिक्रिया दिली, काही रुग्ण दगावले आणि २०१६ मध्ये ही चाचणी थांबवावी लागली. एक रेणू अनेक निरोपांना अडवतो, ही त्याची ताकद. नको तिथे तो अडवू लागला, तर तीच त्याची अडचण. आजपर्यंत कॅन्सरवर मायक्रोआरएनएचे एकही औषध सर्वसाधारण वापरासाठी मान्य झालेले नाही.

मग दरवाजा बंद झाला का? तसे नाही. याच जातीचा, पण एकाच निरोपाला नेमका अडवणारा छोटा आरएनए २०१८ मध्ये अमेरिकेत एका आनुवंशिक मज्जातंतूंच्या आजारावर मान्य झाला. म्हणजे आरएनए औषध म्हणून शरीरात सुखरूप पोचवता येतो. आणि ज्या प्रथिनाला २००२ च्या शोधातले दोन हरवलेले रेणू आवर घालत होते, त्याच प्रथिनाला अडवणारी व्हेनेटोक्लॅक्स नावाची गोळी २०१६ मध्ये त्याच रक्ताच्या कॅन्सरसाठी मान्य झाली. ती मायक्रोआरएनए नाही, पण काम त्याच जागी करते.

खारघरच्या प्रयोगशाळेत गाठीच्या पेशींना हरवलेले रेणू परत देऊन पाहिले गेले. २०१५ मध्ये मिर-१४८ए आणि २०२० मध्ये मिर-१९३ए यांवरचे निबंध आले. हे रेणू परत मिळाल्यावर पेशींची वाढ आणि पसरण्याची क्षमता कमी झाली. २०१९ च्या निबंधात असे दिसले की गट ३ आणि ४ मधल्या ज्या गाठींत मिर-२०४ फार कमी असतो, त्या अधिक आक्रमक असतात. हे प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर झालेले आहेत. मुलांपर्यंत ते औषध म्हणून पोचलेले नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो आणि तो बहुतेक मोठ्या रेणूंना आत जाऊ देत नाही. त्या पडद्यातून हा रेणू सुखरूप कसा न्यायचा, हे पुढचे मोठे काम आहे.

घरात आणि वर्गात काय पाहायचे

प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी मूल तिथवर पोचले पाहिजे. आणि या आजाराची पहिली चिन्हे आईला स्वयंपाकघरात आणि शिक्षकाला वर्गात दिसतात.

गाठीमुळे मेंदूतल्या पाण्याची वाट अडते आणि डोक्यातला दाब वाढतो. रात्रभर आडवे पडल्यावर तो जास्त जाणवतो. म्हणून सकाळी उठल्या उठल्या डोके दुखते, उलटी होते आणि उलटी झाली की थोडे बरे वाटते. घरात मग पित्त झाले म्हणतात, शाळा चुकवायचा बहाणा म्हणतात, नजर लागली म्हणून उतारा काढतात. पुढे चालताना तोल जाऊ लागतो. माथेरानच्या मुलाचे चालणे रोज चढउताराचे आणि दगडगोट्यांच्या वाटेचे. जे मूल काल धावत शाळेत येत होते, ते आज भिंत धरून चालते, हे तिथे लवकर दिसू शकते. एकाच्या दोन वस्तू दिसणे, मान एका बाजूला वाकडी धरणे, ही आणखी चिन्हे. आम्हा शिक्षकांनी एक गोष्ट खास पाहावी: अक्षर. ज्याचे अलिफ-बे आणि अ-आ वळणदार होते, त्याचे अक्षर काही आठवड्यांत ओळीबाहेर जाऊ लागले, हात थरथरू लागला, तर छडी किंवा शेरा यांआधी पालकांना बोलवावे.

प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे. बहुतेक मुलांत कारण चष्म्याचा नंबर, भूक, अपुरी झोप किंवा मोबाइल असते. पण सकाळची डोकेदुखी आणि उलटी दोन आठवड्यांहून जास्त चालू राहिली, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. तोल जाणे किंवा नजरेतला बदल सोबत असेल, तर दोन आठवडेही थांबू नये. एमआरआय सांगितला तर तारीख पुढे ढकलू नये. दुआ करावी आणि दुआ करत करत तपासणीलाही जावे. या दोहोंत भांडण नाही.

हा आजार आईने गरोदरपणात काही खाल्ले म्हणून होत नाही. तो संसर्गजन्यही नाही. त्या मुलाचा डबा, पेला, बाक वेगळा करण्याचे काहीच कारण नाही. बहुतेक मुलांत तो आनुवंशिक नसतो. थोड्या कुटुंबांत असतो आणि ते डॉक्टर तपासून सांगतात. मुलगी असेल तर “पुढे लग्नाचे काय” म्हणून आजार लपवणारी घरे आहेत. लपवण्यात जे आठवडे जातात, त्या काळात गाठ वाढत असते.

माथेरानहून खारघरची वाट ओळखीची आहे: दस्तुरीपर्यंत खाली यायचे, नेरळला उतरायचे, लोकलने ठाणे आणि तिथून पनवेलच्या लोकलने खारघर. पैशाची चिंता असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला पहिल्याच दिवशी भेटावे. लांबून आलेल्या मुलांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था विनामूल्य राहायला जागा देते. तिचे काम मुंबईत २००६ मध्ये सुरू झाले आणि खारघरलाही तिची केंद्रे आहेत.

उपचार संपवून मूल शाळेत परतते, तेव्हा आमचे काम सुरू होते. त्याला पहिल्या बाकावर बसवावे, कारण कदाचित त्याला कमी ऐकू येत असेल. फळ्यावरचे उतरवायला वेळ द्यावा. केस गेले असतील तर टोपी घालू द्यावी आणि त्यावरून हसणाऱ्यांना आधीच समजावून सांगावे. कायमची अडचण राहिली असेल, तर पालकांना दिव्यांग प्रमाणपत्र काढायला मदत करावी, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळेल. दर काही महिन्यांची तपासणी असते. त्या दिवशीची गैरहजेरी रागाने मांडू नये.

बावीस अक्षरांच्या त्या रेणूने आज एवढे नक्की दिले आहे: मुलाच्या गाठीचे खरे नाव. नाव बरोबर कळले तर उपचार कमी पडत नाहीत आणि अंगावर जास्तही येत नाहीत. उरलेले काम शास्त्रज्ञ करीत आहेत, इन्शाअल्लाह ते पूर्ण होईल. तोवर सकाळी उठल्यावर डोके धरून बसणाऱ्या मुलाकडे आपण नीट पाहायचे आहे.